ताम्हिणीच्या दरीत उतरताय? या चुका टाळा

चांदणी चौक ओलांडला की ताम्हिणी आलीच, असं पुणेकराला वाटतं. चुकांची सुरुवात इथूनच. दहाला निघायचं, पौडला मिसळ, मुळशीच्या पाण्यापाशी फोटो, आणि बारा वाजता ताम्हिणीतल्या प्लस व्हॅली या खोल दरीच्या काठावर. उतरायला लागतो त्याहून जास्त वेळ चढायला लागतो, शिवाय उंच कड्यांमुळे दरीत अंधारही लवकर पडतो. दोन वाजले की असाल तिथून मागे फिरा. दरीतलं कुंड बघायचं राहिलं तर राहिलं.

हा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. पावसाळ्यात दऱ्या-धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, तेव्हा आधी वनखात्याकडे विचारा. 'मागच्या रविवारी मित्र जाऊन आला' हा परवाना नव्हे.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे डोक्यावर ऊन बघून निर्धास्त होणं. घळीतलं पाणी वरच्या पठारावरून येतं आणि ते पठार तुम्हाला खालून दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला होता. कातळावर पडलेलं पाणी मुरणार कुठे? एका सप्टेंबरात आम्ही ऊन खात डबे उघडून बसलो होतो. सवयीने मी काठावरचा एक चपटा दगड खुणेला धरला होता. दुसरी पोळी संपेपर्यंत दगड पाण्याखाली! पाणी दुधाच्या चहासारखं झालेलं, वर पानं आणि काटक्या. आम्ही डबे कोंबले नि झाडीत चढलो.

रंग बदलला, काटक्या आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, की वाट पलीकडे असली तरी ओढा ओलांडायचा नाही. आहात त्याच बाजूने उंच जा आणि पाणी ओसरेपर्यंत थांबा. हातांची साखळी वगैरे करू नका. एक घसरला की साखळीच जाते.

झिजलेल्या तळाचे बूट शेवाळावर साबणासारखे घसरतात. कड्यांना आग्यामोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा.

आणि अंधारबनला जाणार असाल, तर ती वाट पिंप्रीला सुरू होऊन रायगडातल्या भिऱ्याला संपते. गाडी मात्र वरच राहते. ड्रायव्हरला सकाळीच खाली पाठवा, कारण जंगलात रेंज मिळेलच असं नाही.