लेखकाला शाळेत बोलावताय? आधी कपाट उघडा

आमच्या शाळेत आतापर्यंत अकरा लेखक-चित्रकार येऊन गेले. त्यातली पहिली भेट पार फसली होती. पटांगणात पाचवी ते सातवीची अडीचशे पोरं बसवलेली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यात पाऊण तास गेला. मग लेखिकाताई वीस मिनिटं वाचनाचं महत्त्व सांगत राहिल्या. त्या बिचाऱ्या दुसरं बोलणार तरी काय? समोरच्या एकाही मुलानं त्यांचं एकही पुस्तक पाहिलेलं नव्हतं. शेवटी आम्हीच चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले तीन प्रश्न तीन हुशार मुलींनी घडाघडा म्हटले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काल काय आवडलं? एक जण म्हणाला, "बाई, त्यांना नारळ दिला."

कोणाला आणि कधी

नामवंतच पाहिजे हा हट्ट सोडा. ज्याचं पुस्तक तुमच्या वर्गाला झेपेल, तो खरा पाहुणा. नावं शोधायला बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे अंक चाळा, चित्रकारांची नावंही बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, तिथंही प्रत्येक पुस्तकावर लेखक आणि चित्रकार दोघांची नावं असतात. पत्ता नसेल तर प्रकाशकामार्फत पत्र पाठवा.

पहिल्याच फोनवर प्रवासखर्च आणि मानधनाचा आकडा सांगा. "मुलांसाठी या हो, समाजकार्य आहे" असं म्हणू नका. आपण काही बिनपगारी शिकवत नाही.

तारखेचं माझं ठाम मत आहे. 15 ऑक्टोबर म्हणजे वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, हे दोन्ही टाळा. त्या दिवशी एकाच लेखकाला पाच ठिकाणची आमंत्रणं असतात, तो घड्याळाकडे बघत बोलतो. शिवाय ऑक्टोबरात सत्र परीक्षा डोक्यावर. जुलैचा शेवट किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा घ्या.

मुलांनी आधी पुस्तक वाचणं: गाडी अडते ती इथंच

हातात तीन आठवडे ठेवा. वर्गात पंचेचाळीस मुलं आणि पुस्तकाच्या प्रती चार, हे बहुतेक शाळांचं गणित. माझं दोनदा चुकलं. दुसऱ्या भेटीच्या वेळी मी हजेरीक्रमानं एकेक रात्र पुस्तक घरी दिलं. तीन आठवड्यांत वीस-बावीस मुलांपर्यंत पोचलं, दोन प्रती फाटल्या, एक मामाच्या गावाला गेली ती गेलीच. पुढच्या वेळी शहाणपणा करून झेरॉक्स काढल्या. पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये चित्रपुस्तक मरतं. लाल कोंबडा राखाडी झाला आणि मुलांनी कागदांची विमानं केली.

जमलं ते एकाच गोष्टीनं: मोठ्यानं वाचून दाखवणं. शेवटच्या तासाची पंधरा मिनिटं, रोज. आदल्या रात्री घरी दोनदा वाचून या. वर्गात पहिल्यांदा वाचणारी बाई अडखळते आणि मुलं लगेच ओळखतात. वाचताना मध्ये थांबून शब्दार्थ विचारू नका. शेवटी तात्पर्य नको, "यातून आपण काय शिकलो" तर नकोच नको. एकदा मला राहवलं नाही, तात्पर्य विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचायला बसल्यावर तीन मुलांनी आपणहून वही काढून तारीख टाकली. आठवडाभर त्या वह्या मिटवता आल्या नाहीत.

चित्रपुस्तक असेल तर पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. प्रत्येक पानावर मनात दहा मोजा, तोवर गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. पंचेचाळीस मुलांना एकदम चित्र दिसत नाही, म्हणून वर्गाचे दोन गट करा. स्मार्ट टीव्ही चालू स्थितीत असेल तर स्टोरीवीव्हरची पुस्तकं त्यावर लावा. वाचून झालेल्या प्रती वर्गात दोरीवर चिमट्यानं टांगा, कपाटात परत नेऊ नका. आणि भेटीच्या आठवड्यात एक पुस्तक मुद्दाम शेवटच्या दोन पानांआधी थांबवा. मधल्या सुट्टीत दोरीपाशी किती गर्दी होते ते बघाच.

या तीन आठवड्यांत वर्गात खोक्याची पेटी ठेवा आणि मुलांना प्रश्न लिहून टाकू द्या. शुद्धलेखन तपासायचं नाही. "तुम्हाला किती पैसे मिळतात?" हा प्रश्न दर वेळी येतो, तो काढू नका, लेखकांना त्याची सवय असते आणि उत्तर भारी मजेदार मिळतं. फक्त एकसारखे प्रश्न एकत्र करा. चिठ्ठ्या वाटून पाठांतर घेणार असाल तर भेट न ठेवलेली बरी.

आमच्याकडे एक चित्रकार आले होते तेव्हाची गोष्ट. सहावीतला एक मुलगा, वाचताना अक्षर अक्षर जोडणारा. मजकूर पुढे सरकत नाही म्हणून तीन आठवडे चित्रंच बघत बसलेला. त्यानं उठून विचारलं, "सर, पान चारवर घराला कौलं आहेत, पान अकरावर पत्रा. मधल्या मधे पत्रा कुणी टाकला?" चित्रकारांनी पुस्तक घेतलं, चार उघडलं, अकरा उघडलं, पुन्हा चार. मग मोठ्यानं हसले. अकरावं पान आपण आधी काढलं होतं आणि चौथं दोन महिन्यांनी, हे त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत कुणीच पकडलं नव्हतं म्हणाले. पुढचा अर्धा तास सगळा वर्ग पुस्तकावर तुटून पडला. आणखी दोन चुका सापडल्या: आजीची एक चप्पल आणि एक जास्तीची कोंबडी.

भेटीचा दिवस

एक वर्ग, वर्ग लहान असतील तर फार तर दोन. साठाच्या वर मुलं नकोत. सतरंजीवर गोल बसायचं, पाहुण्यांनाही खाली किंवा बुटक्या स्टुलावर. माईक नको. शाल-श्रीफळ मुख्याध्यापकांच्या ऑफिसात, चहाबरोबर उरकायचं. सर नाराज होतील, त्यांना फोटो काढून द्या. वर्गात स्वागत एका मुलानं एका मिनिटात करायचं.

लेखकानं दहा मिनिटं स्वतः वाचावं आणि बाकी वेळ प्रश्नांना द्यावा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाही सांगितलं तर भाषण होतं. चित्रकार असेल तर फळा-खडूवर भागवू नका. मोठी ड्रॉइंग शीट, उभं स्टँड आणि जाड मार्कर द्या, मागच्या मुलाला रेघ दिसली पाहिजे. मुलांनाही कागद आणि तेलखडू द्या. चित्रकला स्पर्धा लावू नका. नंबर आला की बाकीच्या चव्वेचाळीस जणांचं चित्र संपलं.

पुस्तकविक्री ठेवणार असाल तर किंमत पालकांना आठ दिवस आधी कळवा. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्या वहीत सही मिळेल हे बघा, आणि शाळेच्या प्रतींवर सही घ्यायला विसरू नका. त्या प्रती नंतर वर्षभर आलटून पालटून घरी जातात.

पाहुणे गेल्यावर

त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत पुस्तकं घरी द्या. उद्यावर टाकलं की गेलं. तिसऱ्या भेटीनंतर वीसेक मुलं ग्रंथालयाच्या कपाटापाशी रांग लावून उभी होती आणि कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते रजेवर. पोरं पंधरा मिनिटं थांबली, मग खेळायला गेली. सोमवारी त्यातली चार आली.

तेव्हापासून भेटीच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कपाट उघडते, देवघेवीची वही बाहेर काढून ठेवते, आणि किल्ली संध्याकाळपर्यंत माझ्या पर्समध्ये असते.