अडीअडचणीसाठी पावसाचं पाणी: एक पिंप नीट बसवताना

आधी गरज मोजा. पिणं, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता धरून माणशी रोज १५ लिटर पाण्यात भागतं. चौघांचे तीन दिवस काढायचे तर १८० लिटर, म्हणजे २०० लिटरचं एक पिंप. ते भरायला फार मोठं छप्पर लागत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. उडून, सांडून वाया जाणारं पाचवा हिस्सा धरला, तरी २० चौरस मीटर पत्र्यावरून १५ मिलिमीटर पावसात २४० लिटर मिळतं.

पिंप खाद्यपदार्थांसाठीचं, गडद रंगाचं घ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं. रसायनाचं जुनं पिंप कितीही धुतलं तरी नको. प्लास्टिकमध्ये मुरलेलं नंतर हळूहळू पाण्यात उतरतं. भरलेलं पिंप २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे खाली सपाट, पक्का चौथरा हवा. तो ४०-५० सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे तोटीखाली बादली बसते आणि वीज नसली तरी अडत नाही.

तोटी तळापासून ८-१० सेंटिमीटर वर बसवा, खालचा गाळ खालीच राहू द्या. भोक होल सॉनेच (ड्रिलला लावायच्या गोल करवतीनेच) पाडा. तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकाची कड वेडीवाकडी होते आणि मग कितीही आवळलं तरी गळतं. पिंपाची भिंत गोल असते, म्हणून टँक निपलला (भिंतीतून आरपार बसणाऱ्या, तोटी धरणाऱ्या आट्यांच्या जोडाला) जाड, मऊ रबरी वॉशर लावा.

पन्हळीतून थेट पिंपात पाइप सोडणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या सरीबरोबर धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ते पाणी बाजूला काढायला उतरत्या पाइपला ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) जोडा. तिची एक शाखा पिंपाकडे न्या. दुसरीला खाली उभा, टोपण लावलेला पाइप जोडा. पहिला एक मिलिमीटर पाऊस सोडायचा, म्हणजे २० चौरस मीटरला २० लिटर. चार इंची पाइपच्या मीटरभर लांबीत साधारण ८ लिटर मावतं, तेव्हा अडीच मीटर पाइप हवा. तो भरला की पुढचं पाणी आपोआप पिंपाकडे वळतं. टोपणाला २-३ मिलिमीटरचं भोक ठेवा. ते नसेल किंवा गाळाने बुजलं असेल, तर पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची घाण सरळ पिंपात जाते. टोपण फिरकीचं असलं की साफसफाईला सोपं पडतं.

जादा पाणी जाण्याची वाट येणाऱ्या पाइपपेक्षा बारीक नको, आणि तिचं तोंड घराच्या पायापासून लांब काढा. या तोंडाला आणि आत येणाऱ्या पाइपला एक मिलिमीटरहून बारीक जाळी हवीच. अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. झाकण घट्ट हवं. घरात लहान मूल असेल तर कडीही लावा.

हे पाणी धुण्या-पुसण्याला तसंच चालतं. प्यायचं असेल तर गाळून घ्या आणि खळखळा उकळू लागल्यावर एक मिनिट तसंच ठेवा (२,००० मीटरच्या वरच्या गावी तीन मिनिटं). इंधन नसेल तर वेगळा सुगंध न घातलेलं, ५-६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं साधं ब्लीच लिटरला दोन थेंब टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. नाही आला तर तेवढंच पुन्हा टाकून १५ मिनिटं थांबा. औषध अख्ख्या पिंपात टाकण्यापेक्षा काढलेल्या पाण्यात घातलेलं बरं, कारण साठ्यात त्याचा जोर दिवसागणिक ओसरतो.

उकळून किंवा ब्लीचने जंतू मरतात, शिसं किंवा डांबर निघत नाही. छतावर जुना शिसंयुक्त रंग, डांबर किंवा ॲस्बेस्टॉस असेल तर ते पाणी फक्त संडासाला आणि फरशी धुवायला वापरा. आणि हा साठा नळाच्या जोडणीला कधीही जोडू नका. नळातला दाब गेला की पिंपातलं पाणी उलट त्या वाहिनीत ओढलं जातं.

पावसाचे दिवस सरत आले की शेवटच्या जोरदार पावसाआधी पिंप पूर्ण रिकामं करून घासा, मग पुन्हा भरू द्या. पुढच्या कोरड्या महिन्यांत अडचण आली, तर हाताशी हेच पाणी असेल.