पिकअपला लेव्हलिंग किट कसे बसवावे

बहुतेक पिकअप गाड्या कारखान्यातून बाहेर पडतात तेव्हाच पुढून किंचित खाली आणि मागून वर अशा असतात. हा दोष नव्हे. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी तेव्हा सपाट व्हावी, असा हिशेब त्यामागे असतो. ज्यांच्या हौद्यात जड माल क्वचितच असतो त्यांना हा उतार खटकतो. शिवाय थोडे मोठे टायर बसवायचे ठरवले तर पुढच्या मडगार्डखाली जागा अपुरी पडते. पुढचा भाग साधारणपणे १ ते २.५ इंच उचलून हा उतार काढून टाकण्यासाठी लेव्हलिंग किट वापरतात. चारही बाजूंनी ४ ते ६ इंच उचलणारे लिफ्ट किट हा वेगळा प्रकार आहे. त्यात नकल (चाक ज्यावर बसते तो वळणारा धातूचा भाग) बदलणे, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) खाली घेणे, चॅसीवर (गाडीच्या सांगाड्यावर) नवे ब्रॅकेट बसवणे अशी कामे येतात आणि ती अनुभवी कारागिरावर सोपवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. या लेखात लेव्हलिंग किटचाच विचार केला आहे.

आधी गाडीचे सस्पेन्शन ओळखावे

पुढच्या चाकामागे वाकून पाहिले असता शॉक अॅब्सॉर्बरभोवती गुंडाळलेली स्प्रिंग दिसली, तर ती स्ट्रटची रचना आहे आणि तिच्यात धातूचा किंवा कठीण प्लास्टिकचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारा जाड तुकडा, बसतो. स्प्रिंगऐवजी चॅसीला समांतर जाणारी लांब सळई दिसली, तर तो टॉर्शन बार होय. तिथे स्पेसर नसतो, सळईच्या टोकाला धरून ठेवणारा ‘की’ नावाचा तुकडा बदलून किंवा तिचा बोल्ट फिरवून उंची वाढवली जाते. पुढचा अॅक्सल अखंड असलेल्या जड पिकअपमध्ये स्पेसर थेट कॉइल स्प्रिंगच्या वर बसतो. आजच्या पिकअपमध्ये पहिली रचना सर्वाधिक आढळते, म्हणून पुढील कृती तिची आहे.

स्ट्रटच्या स्पेसरचेही दोन प्रकार आहेत आणि खरेदीपूर्वी त्यांतला फरक समजून घेणे फायद्याचे ठरते. पहिला स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर, म्हणजे स्ट्रट आणि चॅसी यांच्यामध्ये बसतो. त्याने स्प्रिंगचा दाब बदलत नाही, त्यामुळे गाडी पूर्वीइतकीच मऊ चालते. मात्र चाकाची वर-खाली होण्याची सगळी मर्यादाच खाली सरकते आणि चाक पूर्ण लोंबकळले असता बॉल जॉइंट (नकलला धरणारा, सर्व दिशांना फिरणारा गोल सांधा) व ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला इंजिनची ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे) सांधे पूर्वीपेक्षा जास्त वाकतात. दुसरा स्पेसर स्ट्रटच्या आत, स्प्रिंगच्या टोकाशी बसतो. त्यात चाकाची मर्यादा तीच राहते, पण गाडी त्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ उभी राहत असल्याने खड्ड्यात चाक उतरताना स्ट्रट लवकर संपतो आणि धक्का जाणवतो. आतला स्पेसर बसवण्यासाठी दाबलेली स्प्रिंग उघडावी लागते. हे काम प्राणघातक ठरू शकते, म्हणून योग्य उपकरण आणि सराव नसलेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

२ इंची म्हणून घेतलेल्या किटमधला स्पेसर हातात घेतल्यावर तो जेमतेम १ इंच जाडीचा निघतो, आणि फसवणूक झाल्याची शंका येते. ती शंका निराधार आहे. स्ट्रटचे खालचे टोक चाकापाशी नव्हे तर लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधल्या भागात टेकलेले असते, आणि ते आर्मच्या निम्म्या लांबीवर असेल तर वर घातलेला २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी सुमारे ५० मिलिमीटर उंची देतो. याच कारणाने दोन स्पेसर एकावर एक चढवण्याचा मोह टाळावा. जितके जास्त उचलाल तितके सगळे सांधे मूळ कोनापासून दूर जातात, आणि सुटे भाग लवकर झिजण्याचे मूळ तिथेच असते.

मापे आणि तयारी

सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेचा फरक मापात शिरतो. गाडी सपाट आहे का हे ठरवण्यासाठी मात्र मडगार्डवर विसंबू नये, कारण पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या कडा मुळातच वेगवेगळ्या उंचीच्या असू शकतात. दाराखालच्या पट्टीची पुढची आणि मागची टोके जमिनीपासून मोजावीत. किती उचलायचे हे या मापावरून ठरते. नेहमी काही ना काही माल नेणाऱ्याने थोडा उतार शिल्लक ठेवावा, नाहीतर भरलेली गाडी मागे बसून आकाशाकडे पाहू लागेल.

साहित्यात किमान २ टनी ट्रॉली जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, आणखी एक छोटा जॅक, सॉकेटचा संच, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, हातोडा, पहार, गंज सैल करणारे तेल, मार्कर, नव्या स्प्लिट पिना आणि चाकांना लावण्यासाठी उटी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे) हवी. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कचे (कोणता नट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे आधीच कागदावर उतरवून ठेवावेत. जुन्या गाडीच्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारावे. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि सोबतीला एक माणूस घ्यावा.

प्रत्यक्ष काम

मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावून हँडब्रेक ओढावा. पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच अर्धा वेढा सैल करावेत. त्यानंतर गाडी पुढून उचलून दोन्ही स्टँड चॅसीखाली, लोअर आर्मच्या मागच्या बाजूस लावावेत आणि गाडीला हाताने हलवून ती पक्की बसल्याची खात्री करावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. दोन्ही बाजू एकाच वेळी उचलणे आवश्यक आहे, कारण स्टॅबिलायझर बार दोन्ही चाकांना जोडतो आणि एकच बाजू उचलल्यास तो आर्मला खाली येऊ देत नाही.

चाके काढल्यावर दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर लिंक सोडवाव्यात. ब्रेक होज आणि एबीएसची वायर ज्या ब्रॅकेटमध्ये अडकवलेली असते ती ब्रॅकेट मोकळी करावीत. मग एका बाजूचे काम पूर्ण करूनच दुसऱ्या बाजूस हात घालावा. काही अडले तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

टाय रॉडच्या (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा नट काढून नकलच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन जोरकस घाव घातले की निमुळता खुंट सहसा सुटतो. घाव नकलच्या धातूवर घालावा, खुंटाच्या आट्यांवर नव्हे. आता लोअर आर्मखाली छोटा जॅक लावून आधार द्यावा आणि अपर बॉल जॉइंटचा नट सैल करावा, मात्र तो पूर्ण न काढता काही आट्यांवर राहू द्यावा. सांधा सुटल्याक्षणी नकल उसळी घेते आणि शिल्लक ठेवलेला नट तिला आवरतो. सांधा सुटल्यावर नट काढून नकल दोरीने किंवा जाड तारेने चॅसीला बांधून ठेवावी. तिचे वजन ब्रेक होजवर येता कामा नये आणि ती बाहेरच्या बाजूस कलंडताही कामा नये. तशी कलंडल्यास फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निसटतो आणि दिवसभराचे काम वाढते.

स्ट्रटची दिशा मार्करने खुणावून त्याचे खालचे बोल्ट आणि डोक्यावरचे बाहेरचे, बहुधा तीन, नट काढावेत. डोक्याच्या मधोमध असलेल्या एकट्या नटाला मात्र कोणत्याही परिस्थितीत पाना लावू नये. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाच्या भरवशावर जागी असते आणि तो सुटला तर ती गोळीच्या वेगाने बाहेर येते. संपूर्ण कृतीत यापेक्षा मोठा धोका दुसरा नाही.

आधाराचा जॅक हळूहळू खाली घेऊन स्ट्रट बाहेर काढावा. स्पेसर त्याच्या डोक्यावर ठेवून मूळ नटांनी आवळावा. स्पेसरला पुढे-मागे अशी दिशा असते, काहींवर डावा-उजवा असाही फरक असतो, म्हणून त्यावरील खूण सूचनापत्रकाशी ताडून पाहावी. हे नट लहान आट्यांचे असल्याने जोर लावून आवळल्यास आटे उडतात. इथे टॉर्क रेंचच वापरावा. आता स्ट्रट लांब झालेला असल्यामुळे तो परत बसवताना लोअर आर्म पहारीने खाली दाबावा लागतो, आणि सोबतच्या माणसाची खरी गरज इथेच पडते. वरचे नट आधी हाताने चढवावेत, मग खालचे बोल्ट ओवावेत, आणि सगळे जागेवर आल्यावरच आवळावेत.

यानंतर छोट्या जॅकने लोअर आर्म उचलत नकल अपर बॉल जॉइंटपर्यंत आणावी. आर्म उचलताना चॅसी स्टँडवरून वर उठत नाही ना, याकडे सतत लक्ष असावे. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे नट ठरलेल्या टॉर्कला आवळून नव्या स्प्लिट पिना घालाव्यात. लोअर आर्मचे चॅसीकडचे बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच शेवटचे आवळावेत. हवेत आवळल्यास रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. दुसऱ्या बाजूचे काम झाल्यावर दोन्ही लिंक एकत्र जोडाव्यात.

चाके चढवण्यापूर्वी स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेक होज आणि एबीएसची वायर कुठे ताणत नाही ना, अपर आर्म स्प्रिंगला टेकत नाही ना, हे पाहावे. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. गाडी खाली घेतल्यावर ती थोडी पुढे-मागे चालवून मगच पुन्हा मापे घ्यावीत, कारण नुकती उतरवलेली गाडी टायर घासून बसेपर्यंत प्रत्यक्षापेक्षा उंच दिसते.

बसवल्यानंतर

गाडी उंचावली की टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलतात, कास्टरही (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल) बदलू शकतो. टो बिघडलेल्या गाडीचे टायर कडेने झपाट्याने झिजतात आणि कास्टर कमी झाला तर वळणानंतर स्टीअरिंग स्वतःहून सरळ येण्यात आळस करते. म्हणून पहिली फेरी थेट अलाइनमेंटसाठीच (हे कोन तपासून जुळवून घेण्यासाठीच) करावी आणि तीही हळू.

हेडलाइटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमध्ये ३.३ मीटर अंतर असलेल्या गाडीचा पुढचा भाग ५० मिलिमीटर उचलला, तर २५ मीटर अंतरावर प्रकाशाचा झोत केवळ बदललेल्या कोनामुळे सुमारे ३८ सेंटिमीटर वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली आणावा. विंडशील्डमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. उंचीतील बदलाविषयीचे नियम आणि विम्याच्या अटी देशोदेशी वेगळ्या असल्याने त्या किट घेण्याआधीच तपासाव्यात.

चाकांचे नट पहिल्या १०० किलोमीटरच्या आसपास आणि सस्पेन्शनचे सर्व नट-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. खड्ड्यातून जाताना टकटक ऐकू आली तर आधी स्ट्रटचे वरचे नट आणि स्टॅबिलायझर लिंक पाहाव्यात. वळताना कटकट होत असेल किंवा वेग घेताना थरथर जाणवत असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे रबरी बूट फाटले आहेत का ते तपासावे. ते शाबूत असूनही थरथर टिकून राहिली, तर कोन जास्त झाल्याचे समजून कमी जाडीचा स्पेसर घालावा.