भाऊ किंवा बहीण गंभीर आजारी पडल्यावर: बिल भरण्याआधी करायच्या गोष्टी

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात पहिली धावपळ होते ती पैशांची. कुणी एफडी मोडायला निघतं, कुणी दागिन्यांचा डबा काढतं, गावाकडचा काका जमिनीला गिऱ्हाईक शोधतो. हे सगळं दोन-चार दिवस थांबवा. महाराष्ट्रात उपचारांसाठी मिळणारी बहुतेक मदत पैसे भरण्याआधी मागितली तरच मिळते. आधी खर्च करून नंतर पावत्या घेऊन गेलात, तर सरकारी योजना ते पैसे परत देत नाही. म्हणून घरातल्या एकाने कागदांच्या मागे लागायला हवं. नवरा किंवा बायको रुग्णाच्या उशाशी असते, आईवडिलांचं वय झालेलं असतं. हे काम भावा-बहिणीचं.

खाली मुख्यतः कॅन्सर डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे. किडनी किंवा हृदयाच्या आजारातही बराचसा क्रम हाच.

१. फाईल आधी, पैसे नंतर

एक जाड फाईल आणि एक वही घ्या. फाईलमध्ये तारखेच्या क्रमाने रिपोर्ट, वहीत खर्च आणि डॉक्टर काय म्हणाले ते. प्रत्येक मूळ कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा. रुग्णालयाकडे केसपेपरची प्रत मागणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायला हवी. कॅन्सर असेल तर पॅथॉलॉजी लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) ताब्यात घ्या. दुसरं मत घेताना मोठी रुग्णालयं ते स्वतः तपासतात. ब्लॉक नसेल तर बायोप्सी पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

आणि डॉक्टरांशी एकानेच बोलायचं. पाच नातेवाईक पाच वेळा तेच विचारतात आणि घरी येऊन पाच वेगळी उत्तरं सांगतात.

२. खर्चाचा अंदाज लेखी घ्या

‘साधारण किती येईल?’ याला तोंडी उत्तर घेऊ नका. रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह अंदाजपत्रक मागा. पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जाला ते लागतं. त्यात काय धरलेलं नाही तेही विचारा: पेट स्कॅन, रक्त, केमोची औषधं शिरेत देण्यासाठी बसवायचा पोर्ट, बाहेरून आणायची औषधं. राहणं, प्रवास आणि बुडालेली मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. ती वहीत तुम्हीच मांडा.

३. जन आरोग्य योजनेचं आधी बघा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तेही रोख न भरता. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली, तरी ‘आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काय मिळणार’ म्हणून कित्येक जण अजून चौकशीच करत नाहीत. करा.

रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील असलं पाहिजे आणि तुमचा उपचारही त्यांच्या यादीत असला पाहिजे. दोन्ही गोष्टी रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, सांगतो. त्याचं टेबल बहुधा दाराजवळच असतं. हेल्पलाइन १५५३८८. आयुष्मान कार्डासाठी १४५५५.

गाडी अडते ती नावापाशी. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. लग्न झालेल्या बहिणीचं तर आणखी अवघड: माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, सासरच्या कार्डात चढवायचं राहिलेलं. भावाचं कार्ड तिला चालत नाही. पुरवठा कार्यालयात जाऊन हे नीट करून आणणं हे ताईसाठी तुम्ही पहिल्या आठवड्यात करू शकता असं सगळ्यात मोलाचं काम आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर नव्हे, आत्ता.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा वाचा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत फक्त खोलीचा फरक कापला जात नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून स्पेशल रूम घेणं फार महाग पडतं.

४. धर्मादाय रुग्णालयात हक्काने मागा

मुंबई-पुण्यातली कित्येक नावाजलेली, चकाचक रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय न्यास आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही.

बिलिंगच्या खिडकीवर याची चौकशी करण्यात अर्थ नाही. वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. ‘खाटा भरल्यात’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जा. लेखी मागितल्यावर कधी कधी खाट सापडतेही.

५. उरलेल्या रकमेसाठी अर्ज

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून ठरावीक गंभीर आजारांना मदत मिळते. त्यासाठी उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं, आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. सुटी होऊन बिल भरून झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठीही अर्ज करता येतो; सोबत खासदारांचं शिफारसपत्र जोडतात. मुंबईतला सिद्धिविनायक मंदिर न्यासही रुग्णांना मदत करतो. रक्कम थोडी असली तरी दोन केमोंची औषधं त्यात येऊ शकतात.

औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना सरळ विचारा: ‘यातलं जेनेरिक कुठलं चालेल?’ जनऔषधी केंद्र आणि अमृत फार्मसी या स्वस्त औषधांच्या सरकारी दुकानांतून घेतलं तर किमतीत पुष्कळ फरक पडतो.

मुंबईत परळला टाटा रुग्णालयात जायचं असेल तर लॉजवर पैसे घालवण्याआधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे विचारा. जागा लगेच मिळेलच असं नाही, नाव नोंदवून ठेवायचं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात मोठी सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातच भरून मिळतो.

६. घरातला पैसा

आता एफडीकडे वळा. भावंडांनी एकत्र बसायचं, आणि तेही जोडीदारांसह. पाठीमागे ठरलेली रक्कम पुढे दोन घरांत धुसफूस करते. प्रत्येकाने झेपेल तो आकडा सांगायचा आणि तो कसा देतोय तेही: दिले की उसने? हा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तो दवाखान्यात विचारलेला बरा, वाटणीच्या वेळी नको. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने रात्रीच्या पाळ्या घ्याव्यात. त्यालाही वहीत जागा द्या. आजारी बहीण लग्न झालेली असेल तर ‘खर्च कुणाचा’ या वादात उपचार अडकवू नका. आधी कामं वाटून घ्या, हिशेब मागाहून.

मोबाइल अॅपवरचं झटपट कर्ज घेऊ नका. शेती किंवा घर अगदी शेवटी, आणि तेही उपचारांनी नेमकं काय साधणार हे डॉक्टरांना स्पष्ट विचारल्यावर. आजारी माणूस नोकरीत असेल तर त्याच्या पीएफमधून आजारपणासाठी रक्कम काढता येते. ईएसआयचं (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर खासगीत जाण्याआधी तिथे चौकशी करा.

भाऊ किंवा बहीण मुख्यतः तुमच्यावर अवलंबून असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डीडीबीखाली कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा आजारांच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट होती. रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख. भावंडांच्या खर्चाचा विचार करणारी अशी तरतूद विरळाच. पावत्या आणि तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा आणि यंदाचं कसं आहे ते कर सल्लागाराला विचारा.

७. अवयव मागितला तर

किडनी किंवा बोनमॅरो लागणार असेल तर सगळ्यांच्या नजरा भावंडांकडे वळतात. कायद्याने सख्खी भावंडं जवळचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे परवानगीची वाट तुलनेने सोपी असते. बोनमॅरोसाठी सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण तपासणीला जाणं म्हणजे होकार नव्हे. देणाऱ्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलायची संधी मिळाली पाहिजे, विशेषतः ती बहीण असेल आणि सगळं घर तिलाच ‘तू दे’ म्हणत असेल तेव्हा. तिने नको म्हटलं तर कारण विचारत बसू नका.

८. आणि तो स्वतः

या सगळ्या अर्जांच्या धांदलीत आजारी माणसाला कुणी विचारतच नाही. दादाला किती माहिती हवी आहे, निर्णय त्यालाच घ्यायचेत का वहिनीवर सोपवायचेत, हे त्याच्याकडूनच ऐका. खर्चाचा आकडा त्याने विचारला तर खरा सांगा. लपवलेला आकडा त्याच्या मनात दुप्पट होतो. बँक खात्याला नॉमिनी लावलेला आहे का, विम्याचे कागद कुठे आहेत, हे विचारायलाही तोच योग्य माणूस आहे. फक्त केमोच्या दिवशी नको, बरं वाटत असेल त्या दुपारी विचारा. वहिनीला आठवड्यातून एक रात्र घरी झोपू द्या.

आणि सुटी होताना डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पुढच्या तपासणीची तारीख आणि योजनेत यंदाची किती रक्कम शिल्लक आहे, या चार गोष्टी घेतल्याशिवाय रुग्णालयाच्या पायऱ्या उतरू नका.