थकबाकी हलवायची की पॉइंट जमवायचे? क्रेडिट कार्ड निवडण्याची रीत

चतुर्थी झाल्यावर माझा भाचा डिचोलीहून आमच्याकडे फोंड्याला आला, तो क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट घेऊनच. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचा, बाजार रोखीत झाला होता, पण घराचा रंग, नवा फ्रीज आणि पाहुण्यांसाठी घेतलेले कपडे सगळे कार्डावर होते. थकबाकी ६०,००० रुपये. "मामा, दुसऱ्या बँकेचं कार्ड मिळतंय. ही थकबाकी तिकडे हलवता येते आणि वर पॉइंटही मिळतात. घेऊ?"

त्याला त्या दिवशी जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो आहे. त्याने एका दमात दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या होत्या. थकबाकी हलवण्यासाठीचे कार्ड कर्ज फेडायला असते आणि पॉइंटचे कार्ड, म्हणजे खर्चावर बक्षीस-गुण देणारे, फक्त त्याच्या कामाचे, जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो. एकाच कार्डाकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवली की बहुतेक वेळा कर्ज वाढते.

पहिली पायरी: जुने कार्ड किती पैसे खाते ते मोजा

स्टेटमेंटवर मासिक व्याजदर छापलेला असतो. तो साधारण ३ ते ३.७५ टक्के असतो, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दर ३.५ टक्के धरला तर ६०,००० रुपयांवर महिन्याला २,१०० रुपये व्याज आणि ३७८ रुपये जीएसटी, मिळून २,४७८ रुपये. भाच्याने त्या महिन्यात ३,००० रुपये भरले असते तर मूळ थकबाकी फक्त ५२२ रुपयांनी उतरली असती.

यात आणखी एक मेख आहे. मागचे बिल पूर्ण भरले नाही की व्याजमुक्त काळ जातो. मग नवी खरेदी केली की तिच्यावर त्याच दिवसापासून व्याज चालू होते, अगदी ३०० रुपयांच्या किराणा मालावरही. म्हणून थकबाकी आहे तोवर त्या कार्डावर काहीही घेऊ नका. शंभर रुपयांवर एक रुपयाचा पॉइंट मिळवायला जीएसटीसह महिन्याला चार रुपयांहून जास्त व्याज जात असेल, तर तो पॉइंट घेऊन काय करायचे?

दुसरी पायरी: बॅलन्स ट्रान्सफरचा खरा खर्च काढा

बॅलन्स ट्रान्सफरमध्ये नवी बँक तुमची जुन्या कार्डाची थकबाकी भरते, आणि तुम्ही ती रक्कम नव्या बँकेला कमी दराने, बहुधा हप्त्यांत फेडता. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये सहसा हे करता येत नाही. नव्या कार्डाची पूर्ण मर्यादाही यासाठी मिळत नाही, तिचा काही भागच वापरता येतो. म्हणून कार्ड हाती येण्याआधीच विचारा: किती रक्कम हलवता येईल, किती महिन्यांसाठी, प्रक्रिया शुल्क किती, आणि सवलतीचा काळ संपल्यावर दर किती होईल. उत्तरे तोंडी घेऊ नका. बँकेने अटींचे पत्रक देणे बंधनकारक आहे, ते मागून घ्या.

आम्ही दोघांनी वहीवर हिशेब मांडला. ६०,००० रुपये, सहा महिने, दरमहा दीड टक्का घटत्या शिलकीवर, आणि २ टक्के प्रक्रिया शुल्क. शुल्क जीएसटीसह १,४१६ रुपये, व्याज सुमारे ३,१९० आणि व्याजावरचा जीएसटी सुमारे ५७५. एकूण साधारण ५,१८० रुपये. हीच रक्कम जुन्या कार्डावर सहा महिन्यांत सारख्या हप्त्यांनी फेडली असती तर साधारण ८,९६० रुपये गेले असते. म्हणजे बचत पावणेचार हजारांच्या आसपास.

पण तिथेच थांबू नका. बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. वर्षाला १४ टक्के दराने तेच ६०,००० सहा महिन्यांसाठी घेतले तर व्याज सुमारे २,४८० रुपये होते, आणि २ टक्के शुल्क धरूनही एकूण खर्च ३,९०० च्या आत राहतो. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथे, किंवा जिथे वर्षानुवर्षे पिग्मी भरता त्या पतसंस्थेत, आधी चौकशी करा. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचे कर्ज याहूनही स्वस्त पडते. कार्ड विकणारा माणूस हे सांगणार नाही, ते त्याचे कामही नाही.

"शून्य टक्के" असे लिहिलेले दिसले तर शुल्क आणि मुदत पाहा. दोन महिन्यांसाठी २ टक्के शुल्क म्हणजे महिन्याला एक टक्का पडलाच, वर जीएसटी. आणि दोन महिन्यांत ६०,००० फेडणे तुम्हाला जमणार आहे का?

तिसरी पायरी: हप्ते कधी पडतील ते पाहा

आपल्या गोव्यात पैसा सगळ्यांना बारा महिने सारखा येत नाही, म्हणून ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हॉटेल, शॅक, टॅक्सी यांचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो आणि पावसाळ्यात मंदावतो. ट्रॉलरवर पोट असलेल्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. मे महिन्यात घेतलेल्या सहा महिन्यांच्या हप्त्यांपैकी बहुतेक पावसातच पडतील. एक हप्ता चुकला की दंड लागतो, आणि काही योजनांत सवलतीचा दरही जातो. सीझनवर जगणाऱ्याने थकबाकी ऑक्टोबरमध्ये हलवावी आणि मार्चपर्यंत संपवावी. पगारदाराने फक्त एवढे पाहावे की बिल भरण्याची तारीख पगारानंतर चारपाच दिवसांनी येते. बिलाचे चक्र बदलून घेण्याची सोय बँकेने द्यायची असते, ती मागा.

चौथी पायरी: अर्ज एकच करा

अर्जाआधी आपला क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा गुणांक, पाहा. सिबिलसह चारही पतमापन संस्था वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देतात, आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. एकामागून एक चार बँकांत अर्ज केले तर मात्र प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि पुढची बँक बिचकते. पगाराची पावती नसेल किंवा स्कोअर कमी असेल तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्या. त्यावर बॅलन्स ट्रान्सफर मिळेलच असे नाही, पण स्कोअर सुधारायला ते चांगले.

अर्ज मंजूर झाला तरी जुन्या कार्डावर पैसे पोहोचायला काही दिवस लागतात. त्या मुदतीत ड्यू डेट येत असेल तर जुन्या बँकेची किमान रक्कम तुम्हीच भरा. माझ्या बाबतीत हेच झाले होते. नवी बँक भरेल म्हणून मी थांबलो, पैसे उशिरा जमा झाले आणि विलंब शुल्क माझ्या माथी आले. जुन्या कार्डाच्या स्टेटमेंटवर रक्कम जमा झालेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम झाले असे धरू नका.

पाचवी पायरी: थकबाकी शून्य झाल्यावर पॉइंटचे कार्ड

आता मागच्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर लिहा. आपल्याकडे पेट्रोल, किराणा, वीजबिल आणि मोबाइल हेच मोठे आकडे असतात. ज्या खर्चावर तुमचे पैसे खरोखर जातात त्यावर परतावा देणारे कार्ड निवडा. पुष्कळ कार्डांवर इंधन, भाडे, वॉलेट आणि हप्त्यांच्या खरेदीवर पॉइंट मिळतच नाहीत, तर विमा आणि सरकारी भरणा यांवर कमी मिळतात. पेट्रोलवर जी १ टक्का अधिभारमाफी मिळते ती पॉइंट नव्हे, आणि तिलाही महिन्याची कमाल मर्यादा असते.

पॉइंटची किंमत विचारा. "पाच हजार पॉइंट" ऐकायला मोठे वाटतात, पण एक पॉइंट २५ पैशांचा असेल तर ते १,२५० रुपये झाले, आणि वटवण्याचेही शुल्क असू शकते. रोख परतावा देणारे साधे कार्ड मला त्यापेक्षा बरे वाटते. महिन्याला १०,००० खर्च आणि १ टक्का परतावा धरला तर वर्षाला १,२०० रुपये मिळतात. वार्षिक शुल्क ५०० असेल तर जीएसटीसह ५९० गेले. शुल्क माफ व्हावे म्हणून नको ती खरेदी करू नका.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कार्ड घासायचे यंत्र क्वचितच दिसते, क्यूआर मात्र जागोजागी दिसतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, म्हणून लहान खर्च जास्त असलेल्यांनी रुपेच घ्यावे. क्यूआर व्यक्तिगत खात्याचा असेल तर त्यावर क्रेडिट कार्डाने पैसे जात नाहीत. मासळीवालीकडे पाकिटातले पैसेच लागतील.

मोपा किंवा दाबोळीच्या लाउंजसाठी महाग कार्ड घेणाऱ्यांनी वर्षात आपण किती वेळा विमानात बसतो ते मोजावे. घरातले कोणी जहाजावर किंवा आखातात असेल तर परकीय चलनाचे शुल्क पाहणे जास्त गरजेचे. ते अनेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असते.

नको असलेले कार्ड बंद करायला लेखी विनंती करा. थकबाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत ते बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, उशीर झाला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

भाच्याला पगाराच्या बँकेने कर्ज नाकारले, नोकरीला वर्ष झाले नव्हते. त्याने ऑक्टोबरमध्ये थकबाकी हलवली आणि जुने कार्ड आईच्या कपाटात ठेवून दिले. शेवटचा हप्ता मार्चमध्ये आहे. पॉइंटचे कार्ड कोणते घ्यायचे ते आम्ही एप्रिलमध्ये, त्याच्या खर्चाची वही समोर ठेवून ठरवणार आहोत.