मधुमेही ज्येष्ठांमधील जंतुसंसर्ग वेळीच कसा ओळखावा
वय वाढते तशी छातीतील थायमस ग्रंथी आक्रसत जाते आणि नव्या जंतूंना ओळखू शकणाऱ्या ताज्या टी-पेशी कमी तयार होतात. त्यात मधुमेह असेल, तर वाढलेल्या साखरेमुळे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. म्हणूनच सत्तरीतल्या मधुमेही आईला न्यूमोनिया झाला तरी ती तापाने फणफणेलच असे नाही, आणि घरचे नेमके तिथेच फसतात.

यासाठी प्रकृती ठीक असताना आठवडाभर रोज सकाळी तापमान मोजून वहीत लिहून ठेवावे. एरवी 97 अंश फॅरनहाइट असणारे तापमान 99 झाले, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. अचानक अन्न नकोसे होणे, असंबद्ध बोलणे, तोल जाऊन पडणे किंवा साखर विनाकारण चढणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. 'वयोमानाने होतेच' असे म्हणून थांबू नये.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जंतूविरुद्धची) डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. उतारवयात लशीला मिळणारा प्रतिसाद क्षीण असतो हे खरे, पण तेवढ्यावरून ती टाळणे मला चुकीचे वाटते.

रात्री पाय धुऊन कोरडे केल्यावर बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात, कारण मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल, तर तिथली चीर दुखतेच असे नाही.