एक कप मैदा, पण किती ग्रॅम?
चमच्याने अलगद भरून वरून सुरीने सपाट केला, तर कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला की सहज १५०! केक कोरडा, भुसभुशीत होतो तो बरेचदा या २५ ग्रॅमांमुळे. ओव्हन बिचारा उगाच बोलणी खातो. २४० मिलिलिटरच्या कपात साखर २०० ग्रॅम, पिठीसाखर १२०, कोको ८५, लोणी सुमारे २२५. वाटी मात्र घरोघरी वेगळी. आपली वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, मैदा भरा आणि आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून टाका. बेकिंग पावडर चमच्यानेच घ्या, घरच्या काट्याला दोन-चार ग्रॅम धड कळत नाहीत.